माइक घेण्याआधी खोली ऐका : घरातल्या रेकॉर्डिंगसाठी परवडणारा कंडेन्सर माइक कसा निवडायचा?



पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न सारखा येतो. "ताई, लोकांच्या घरी जाऊन आवाज रेकॉर्ड करायचाय, कमी पैशात कोणता कंडेन्सर माइक घेऊ?" कुणाला लोकगीतं जमवायची असतात, कुणाला बोलीचा अभ्यास करायचा असतो, कुणाला मुलाखती घ्यायच्या असतात. याचं एका ओळीत उत्तर देता येतं, पण तसं उत्तर ऐकूनच मी एकदा फसलेय. म्हणून आज जरा सविस्तर.

आधी माझी चूक सांगते

माझं पीएच.डी.चं काम जात्यावरच्या ओव्यांमधल्या उच्चारांवर आहे. लातूर-बार्शी रस्त्यावरचं आमचं मुरुड आणि आसपासची गावं हे माझं क्षेत्र. 'म्हण', 'न्हाणं', 'कोल्हा' हे शब्द हळू म्हणून बघा. म, न, ल यांच्यासोबत थोडा श्वास बाहेर पडतो. वयस्कर बायकांच्या गाण्यात हा श्वास किती टिकतो, ते मला बघायचं होतं. म्हणजे माझा डेटा काय, तर एक बारीकसा श्वास.

पहिल्या वर्षी पैसे साठवून एक यूएसबी कंडेन्सर माइक घेतला. दिसायला एकदम स्टुडिओतल्यासारखा. एप्रिलची दुपार, पत्र्याची खोली आणि शेजारच्या घरात कूलर चालू. आजी लाजत होत्या म्हणून माइक दोन फूट लांब ठेवला. हेडफोन नेलेच नव्हते. लॅपटॉपवर हिरवी पट्टी हलतेय ना, मग झालं, असं वाटलं. आजींनी मधे विचारलंसुद्धा, "माय, कूलर बंद करायला सांगू का त्यांना?" मी म्हणाले, "राहू द्या आजी, माइक भारी आहे."

आजी चाळीस मिनिटं गायल्या. घरी येऊन प्राटमध्ये फाइल उघडली (प्राट हे आवाजाच्या विश्लेषणाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेलं). शब्द सगळे कळत होते. पण जिथे श्वास दिसायला हवा, तिथे कूलरचा फसफस आवाज पसरलेला. श्वास कुठला आणि कूलर कुठला, काही वेगळं करता येईना. दिवाळीनंतर पुन्हा गेले, तर आजी नव्हत्या. त्यांच्या ओव्यांचे शब्द माझ्या वहीत आहेत. ज्यासाठी गेले होते, ते मात्र नाही.

यात माइक बनवणाऱ्या कंपनीचा काही दोष नव्हता. मी साधन आधी निवडलं आणि परिस्थिती नंतर बघितली, हा माझा दोष. संशोधन पद्धतीच्या पेपरात आपण 'साधनांची निवड' हा मुद्दा पाठ करतो. तो प्रत्यक्षात असा दिसतो.

पहिली पायरी : तुम्हाला आवाजातलं नेमकं काय हवंय?

माइक शोधायच्या आधी वहीत एक वाक्य लिहा, "मला या आवाजातून ____ मोजायचं आहे." रिकाम्या जागेत काय येतं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. साधारण तीन प्रकार पडतात.

१. फक्त शब्द हवेत. मुलाखतीतली माहिती, आठवणी, गाण्यांचे बोल. इथे चांगला फोनसुद्धा पुरतो. कंडेन्सरवर पैसे घालायची घाई नको.

२. सूर आणि स्वर हवेत. चाल कशी वरखाली जाते, 'आ' आणि 'ओ' कसे उच्चारले जातात. थोडा गोंगाट चालून जातो, पण आवाज स्पष्ट आणि जवळून घेतलेला हवा.

३. आवाजाचा पोत हवा. श्वास, घोगरेपणा, कंप, किंवा 'चाक'मधला च आणि 'चंद्र'मधला च यांतला बारीक फरक. इथे गोंगाट म्हणजे थेट डेटाचं नुकसान.

आता यातली एक गंमत बघा. जात्याची घरघर गोंगाट आहे की डेटा? माझ्यासाठी गोंगाट, कारण ती श्वास झाकून टाकते. पण लोकसंगीताचा अभ्यास करणाऱ्या माणसासाठी जात्याची फेरी हीच ओवीची लय आहे, जातं थांबवलं की गाण्याची चालच बदलते. त्यामुळे 'चांगलं रेकॉर्डिंग' असं सरसकट काही नसतं. तुमच्या प्रश्नासाठी चांगलं, एवढंच असतं.

महाराष्ट्रात या विषयात फार मोठं काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून गावोगावच्या बायकांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणकाचे आणि संगीताचे अभ्यासक त्यांना जोडले गेले आणि ध्वनिमुद्रणाचं काम वाढलं. हा ठेवा आता 'पारी' या संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायला मिळतो. आपल्या मराठवाड्यातल्या, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या ओव्याही त्यात आहेत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेचं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षणही असंच ऐकण्यासारखं आहे. फील्डवर जाण्याआधी हे दोन्ही हेडफोन लावून ऐका. आणि एक लक्षात घ्या, ओव्यांच्या त्या संग्रहातल्या सगळ्याच ओव्यांना आवाज नाही, पुष्कळशा फक्त लिखित आहेत. आज त्या कशा गायल्या जायच्या हे कुणाला ऐकायचं असेल, तर उपाय नाही. म्हणूनच आपण करतो ते रेकॉर्डिंग नीट करायचं.

कंडेन्सर माइक म्हणजे काय आणि तो इतका स्वस्त कसा झाला?

दोन पातळ चकत्या समोरासमोर आहेत अशी कल्पना करा. मागची घट्ट बसवलेली, पुढची पापडासारखी पातळ आणि ताणलेली. दोघींवर विद्युतभार आहे. आवाजाने पुढची चकती थरथरते, दोघींमधलं अंतर सूक्ष्म कमीजास्त होतं आणि तेवढाच विद्युतदाब बदलतो. हा बदल म्हणजेच आवाजाची विद्युत नक्कल. पुढची चकती अतिशय हलकी असल्यामुळे तिला बारीक आणि चटकन बदलणारे आवाज, म्हणजे स, श, श्वास असले प्रकार, चांगले पकडता येतात.

डायनॅमिक माइकमध्ये, म्हणजे आपल्या गावातल्या सभेत किंवा कीर्तनात दिसतो त्यात, चकतीला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकात हलतं. तो दणकट असतो, पण त्यातून निघणारा सिग्नल फार लहान असतो.

कंडेन्सर माइक १९१६ मध्ये अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी बनवला. त्याला बाहेरून वीज पुरवावी लागायची आणि तो महाग होता. १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये गेर्हार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी कायमचा विद्युतभार धरून ठेवणारं पातळ प्लास्टिक वापरून इलेक्ट्रेट माइक तयार केला. चकतीला भार द्यायला बाहेरची वीज लागेना, आकार आणि किंमत दोन्ही उतरले. तुमच्या कॉलरला लावायचा छोटा माइक किंवा इअरफोनच्या वायरवरचा माइक बहुधा याच कुळातला असतो. म्हणजे 'कंडेन्सर' हा शब्द ऐकून बिचकायचं कारण नाही. आणि खोक्यावर तो शब्द दिसला म्हणून भारावूनही जायचं नाही.

स्टुडिओ प्रकारच्या कंडेन्सरला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, त्याला फँटम पॉवर म्हणतात. तो ऑडिओ इंटरफेस नावाच्या डबीतून मिळतो. यूएसबी माइकमध्ये ही सगळी सोय आतच असते.

माहितीपत्रकातले चार आकडे

जाहिरातीतले शब्द सोडून द्या आणि हे चार आकडे शोधा.

१. संवेदनशीलता. एका ठरावीक दाबाच्या आवाजाला माइक किती मिलिव्होल्ट देतो. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हा कंडेन्सर साधारण १४.१ मिलिव्होल्ट देतो, शुअर एसएम५८ हा प्रसिद्ध डायनॅमिक १.८५. म्हणजे साडेसात पट, डेसिबलमध्ये सुमारे १७.६ चा फरक. म्हातारं माणूस हळू बोलत असेल आणि तुमचा इंटरफेस साधा असेल, तर डायनॅमिकसाठी गेन खूप वाढवावा लागतो आणि इंटरफेसचीच सळसळ ऐकू येते. कंडेन्सर घेण्याचं खरं कारण हे आहे.

२. स्वतःचा गोंगाट. पूर्ण शांततेतही माइकची इलेक्ट्रॉनिक्स थोडी सळसळ करते. ती डेसिबल-ए मध्ये देतात, आकडा जितका कमी तितकं चांगलं. एटी२०२० चा २० आहे, रोड एनटी१-ए चा ५. खूप स्वस्त माइकच्या खोक्यावर हा आकडा छापलेलाच नसतो. तेव्हा तो चांगला असेल असं धरू नका, स्वतः तपासा. कसं ते पुढे सांगते.

३. दिशा. बहुतेक घरगुती कंडेन्सर कार्डिऑइड असतात. ते समोरचं जास्त ऐकतात, बाजूचं ६ डेसिबल कमी आणि बरोबर मागचं सगळ्यात कमी. चहूबाजूंनी येणाऱ्या गोंगाटात यामुळे जवळजवळ ५ डेसिबलचा फायदा मिळतो. कॉलर माइक बहुतेक सर्वदिशी असतात. त्यांना हा फायदा नाही, पण ते तोंडाजवळ राहतात.

४. किती मोठा आवाज सहन होतो. बोलणं आणि ओव्या यासाठी हा आकडा सोडून दिला तरी चालतो. ढोलकी किंवा हलगी रेकॉर्ड करायची असेल तर बघा.

खरा हिशेब इथे आहे

आता वही-पेन घ्या. हा भाग समजला तर बाकीचा लेख विसरलात तरी चालेल.

डेसिबल साधे मिळवता येत नाहीत. खोलीचा गोंगाट ४५ आणि माइकचा स्वतःचा २० असेल तर बेरीज ६५ होत नाही. ती होते ४५.०१. पिठाच्या गिरणीत उभं राहून कुणी कुजबुजलं, तर गिरणीचा आवाज वाढतो का? तसंच आहे हे.

माझी त्या दिवशीची परिस्थिती घेऊ. आकडे समजण्यासाठी गोल धरलेत. साधं बोलणं एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल असतं. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. त्यामुळे ६० सेंटिमीटरवर बोलणं साधारण ६४ होतं. कूलरसह खोली ४५. दोन्हींतला फरक १९ डेसिबल. हा फरक म्हणजेच सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर.

आता सुधारणा एकेक करून बघा.

- २० डेसिबल-एचा माइक काढून ५ डेसिबल-एचा महागडा माइक लावला : खोलीचा गोंगाट ४५.०१ वरून ४५.०० वर. फायदा ०.०१ डेसिबल.
- तोच स्वस्त माइक ६० वरून १५ सेंटिमीटरवर आणला : फायदा १२ डेसिबल. खर्च शून्य.
- कूलर बंद करून खोली ४५ वरून ३५ वर आणली : फायदा १० डेसिबल. खर्च एक विनंती.

१९ मध्ये १२ आणि १० मिळवा. ४१ झाले. आवाजाच्या पोताच्या मापनासाठी (जिटर, शिमर वगैरे) किती फरक हवा, यावर डेलियस्की आणि सहकाऱ्यांचं २००५ मधलं काम नेहमी उद्धृत केलं जातं. त्यात ४२ डेसिबलच्या वर असावा अशी शिफारस आहे आणि ३० च्या वर असेल तर चालण्यासारखं मानलंय. म्हणजे १९ डेसिबलवर माझा डेटा निरुपयोगी होता आणि त्याच माइकने तो जवळजवळ शिफारशीपर्यंत गेला असता. आजी कूलरबद्दल विचारत होत्या, तेव्हा त्या मला १० डेसिबल देऊ करत होत्या. मी नको म्हणाले.

मग महागडा माइक कधी उपयोगी? खोली खरोखर शांत असेल तेव्हा. खोलीचा गोंगाट २५ असेल, तर २० वाल्या माइकने एकूण २६.२ होतो आणि ५ वाल्याने २५.०४. सव्वा डेसिबलच्या आसपास फरक पडतो. गावातल्या घरात दिवसा २५ ची खोली मिळणं अवघड आहे.

एक गैरसमज इथेच दूर करू. "कंडेन्सर सगळा गोंगाट ओढून घेतो, डायनॅमिक घेत नाही," असं बरेच जण सांगतात. दोन्ही माइकची दिशा सारखी असेल आणि दोन्ही तोंडापासून सारख्याच अंतरावर असतील, तर आवाज आणि गोंगाट यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच येतं. डायनॅमिक ओठाजवळ धरतात आणि कंडेन्सर टेबलावर लांब ठेवतात, म्हणून तसं वाटतं. दोष अंतराचा असतो, नाव माइकचं होतं.

आपल्याकडच्या खोल्या

पुस्तकात 'शांत खोली निवडा' असं लिहिलेलं असतं. मुरुडला ती कुठे शोधायची?

पत्र्याची खोली सगळ्यात अवघड. उन्हात पत्रा तापताना आणि संध्याकाळी थंड होताना कडकड वाजतो, पावसात तर काही विचारूच नका. शिवाय आवाज आतल्या आत आपटत राहतो. स्लॅबची नवी खोली बाहेरचा आवाज अडवते, पण फरशी आणि उघड्या भिंतींमुळे घुमते. जुनं माळवद असेल तर तुमचं नशीब. जाड मातीच्या भिंती आणि मातीचं छत, बाहेरचा रस्ता आत येतच नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात असल्याच दगडमातीच्या जड घरांनी माणसं गाडली, त्यामुळे अशा घरात झोपायलाही लोक नको म्हणतात, आणि ते बरोबर आहे. भिंतींना तडे असतील तर रेकॉर्डिंगसाठी कुणाला आत बसवू नका.

घुमणं कमी करायचं तर घरातलं सामान वापरा. मागे दोरीवर दोन जाड वाकळी टांगा, खाली गादी टाका. कपड्यांनी भरलेली खोली किंवा ज्वारीची पोती रचलेली खोली उत्तम. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्याने बाहेरचा आवाज अडत नाही आणि घुमणंही फारसं कमी होत नाही.

वेळही महत्त्वाची. रस्त्यावरचे ट्रक, गिरणी, शाळा सुटण्याची वेळ, लग्नसराईतला डीजे, हे सगळं आधी जाऊन वहीत टिपा. मला पहाटेची वेळ सगळ्यात चांगली मिळाली. तसंही ओव्या पहाटेच गायल्या जायच्या! आणि एरवी आपण वैतागतो ती गोष्ट इथे कामाला येते : लाईट गेली की पंखा, फ्रिज, शेजारचा कूलर सगळं एकदम गप्प. लॅपटॉप चार्ज करून ठेवा आणि लाईट जाण्याची वाट बघा. फक्त इन्व्हर्टर दुसऱ्या खोलीत आहे ना, ते पाहा.

मग घ्यायचं काय?

किमती बदलत राहतात, म्हणून ढोबळ गट सांगते.

हजार-दीड हजारात : कॉलर माइक. वायरवाला, उदाहरणार्थ बोया बीवाय-एम१. हाही कंडेन्सरच आहे, सर्वदिशी, आणि वायर सहा मीटर लांब. छातीवर, तोंडापासून एक वीतभर अंतरावर लावला की अंतराचा प्रश्नच मिटतो. लाजणारं माणूस पाच मिनिटांत तो विसरून जातं. पदराला घासणार नाही असा लावा, बांगड्या वाजणार नाहीत हे बघा. फोनला जोडताना तुमच्या फोनला कोणती पिन लागते ते आधी तपासा. सुरुवात करणाऱ्या दहातल्या सात जणांना मी हाच सुचवेन.

तीन ते सहा हजारात : यूएसबी कंडेन्सर. एकाच ठिकाणी, आपल्याच घरात, एकाच माणसाचा आवाज घ्यायचा असेल तर सोयीचा. स्वतःचं गाणं, पॉडकास्ट, वाचन. घेताना दोन गोष्टी बघा : हेडफोन थेट माइकला लावता येतो का, आणि माइकवर गेन कमीजास्त करता येतो का. लॅपटॉप लागतोच, त्यामुळे गावोगाव फिरायला अडचणीचा.

आठ-दहा हजारांच्या आसपास : हातात मावणारा रेकॉर्डर. झूम एच१एन सारखा. त्यात कंडेन्सर माइक आतच असतात, साध्या सेलवर चालतो, लाईटची गरज नाही, कॉलर माइकही जोडता येतो. गावोगाव फिरणाऱ्यासाठी पैसे इथे घालणं शहाणपणाचं. जात्याची लय आणि गळा दोन्ही हवे असतील, तर रेकॉर्डर जात्याजवळ आणि कॉलर माइक फोनला, असं दोन्हीकडे घेता येतं. सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवा.

सगळं मिळून पंधरा-वीस हजार : एक्सएलआर कंडेन्सर, इंटरफेस, स्टँड, केबल. आवाजाचा पोत हाच तुमचा प्रश्न असेल, शांत खोली हातात असेल आणि लोक तिथे येऊन बसणार असतील, तरच. नाहीतर हे पैसे गावाला जाण्या-येण्यासाठी ठेवा.

'बीएम-८००' नावाचे अतिस्वस्त माइक अनेक विक्रेते विकतात. नाव एक असलं तरी आतला माल एकच असेल याची खात्री नाही. संशोधनात हे अडचणीचं आहे, कारण दुसऱ्या कुणाला तुमचं काम पुन्हा करून बघायचं असेल तर त्याला तोच माइक मिळेल असं नाही. गाण्याच्या हौसेसाठी घ्या, प्रबंधासाठी विचार करा.

घरी आल्यावर तपासणी

कोणताही माइक घेतलात तरी परत करायची मुदत संपायच्या आत हे करा.

१. रात्री उशिरा पंखा बंद करून माइक दोन-तीन वाकळींत गुंडाळा आणि एक मिनिट रेकॉर्ड करा. जी सळसळ उरते, ती मुख्यतः माइकची.
२. गेन तोच ठेवून, एक वीत अंतरावरून नेहमीच्या आवाजात एक परिच्छेद वाचा.
३. प्राटमध्ये दोन्ही फाइलींची सरासरी तीव्रता काढा आणि वजाबाकी करा. फरक ५० च्या पुढे आला तर तुमच्या कामाला माइक पुरेसा आहे, इथून पुढे मर्यादा खोलीची.
४. 'फुलपाखरू', 'भाकरी', 'पाप' असे शब्द म्हणा. हवेचा दणका बसतो का? बसला तर माइक तोंडासमोर न ठेवता थोडा तिरका ठेवा. भरतकामाच्या रिंगवर नायलॉनचा मोजा ताणला की पॉप फिल्टर तयार.

लॅपटॉप चार्जरला लावल्यावर बारीक गुणगुण आली आणि चार्जर काढल्यावर गेली, तर माइक खराब नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, घरात अर्थिंग नीट नसलं की ती गुणगुण आत शिरते. रेकॉर्डिंग बॅटरीवर करा.

रेकॉर्डिंगच्या दिवशी

- फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका मिनिटाला साडेआठ-पावणेनऊ एमबी लागतात, तासाला पाचशेच्या थोडं वर. कार्ड रिकामं करून न्या. एमपीथ्री नको.
- फोनवरचं किंवा माइकवरचं 'नॉइज रिडक्शन' आणि आपोआप गेन बंद करा. ते सॉफ्टवेअर गोंगाट समजून श्वासच कापून टाकतं. एकदा कापलेला श्वास परत येत नाही.
- सगळ्यात मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतपतच गेन ठेवा. पट्टी लाल झाली की डेटा फाटला.
- सुरुवातीला आणि शेवटी तीस सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. हा खोलीचा आवाज. गोंगाट किती होता, हे नंतर यावरूनच सांगता येतं.
- पहिली दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, मगच पुढे जा. डोळ्यांनी पट्टी बघू नका, कानांनी ऐका.
- फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, दाबली जाते. त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी करा.
- संमती तोंडी घेतली तर तीही रेकॉर्ड करा. आवाज कुठे वापरणार, कोण ऐकणार, हे त्यांच्या भाषेत सांगा. नको म्हणाल्या तर माइक बंद.

प्रबंधात काय लिहाल?

'उच्च दर्जाच्या माइकने ध्वनिमुद्रण केले' या वाक्याला काही अर्थ नाही. माइकचं मॉडेल, तोंडापासूनचं अंतर, फाइलचा प्रकार, खोली कशी होती, खोलीचा गोंगाट आणि आवाज यांतला फरक किती डेसिबल, आणि तो किमान किती असेल तरच फाइल विश्लेषणात घेतली, एवढं लिहा. पाच-सहा ओळी होतात. व्हायव्हात कुणी "स्वस्त माइक का वापरला?" असं विचारलं तर घाबरायचं कारण उरत नाही, तुमच्याकडे आकडा असतो. आणि ज्या फाइली त्या आकड्यात बसत नाहीत, त्या बाजूला ठेवल्या हेही लिहा. माझ्या प्रबंधात त्या चाळीस मिनिटांची नोंद आहे : शब्दांसाठी घेतली, उच्चारासाठी वगळली.

तोच यूएसबी माइक मी अजून वापरते. खराब झालेला नाही. फक्त आता आधी रिकाम्या हातांनी जाते, खोलीत दहा मिनिटं नुसती बसते, काय काय ऐकू येतं ते लिहिते, आणि कुणी "कूलर बंद करू का?" असं विचारलं तर लगेच हो म्हणते.

तुम्ही कोणत्या खोलीत, काय रेकॉर्ड करणार आहात ते कळवा. माइकचं नाव नंतर सांगा, आधी खोलीचं वर्णन करा. पुढच्या लेखात प्राटमध्ये तीव्रता आणि सूर कसे मोजायचे ते पायरीपायरीने बघू.